सातव्या पानावर बर्फ नाही

तोचिदाइरा, २१ जानेवारी

चिगुसा,

पत्राच्या सुरुवातीला थंडीची विचारपूस करायची, तब्येत कशी आहे ते विचारायचं, हे सगळं मी या वेळी गाळतोय. रागावलेला माणूस हवापाण्याच्या काय गप्पा मारणार? आणि हवेबद्दल तोंड उघडायची मला आता सोयही उरलेली नाही.

काल मिनेहारा नगरपालिकेचा चौकशी अहवाल आला. अकरा पानं. तुझी काकू कशी गेली ते त्यात लिहिलंय, आणि माझं डोकं कसं फिरलंय तेही.

तू अंत्यविधीला आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, धड बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा सांगतो. १७ डिसेंबरला सकाळी नऊचं वाचन दोन सेंटीमीटर. नेहमीसारखी बर्फ मोजायची पांढरी फळी पुसून कोरी केली, पट्टी सरळ केली आणि घरात आलो. साडेनऊला समुद्राच्या अंगानं ढग आला तो आमच्या डोक्यावर बसला आणि उठायचं नावच घेईना. दुपारी काकूच्या छातीत दुखायला लागलं. तीनला फळीवर अठ्ठावन्न सेंटीमीटर. ताज्या बर्फाचे! दहा झाले की बर्फ काढायचं यंत्र पाठवायचं हा नगरपालिकेचाच नियम. तीन वाजून दोन मिनिटांनी मी फोन केला.

फोनवर तो ताकिनामी, रस्ते विभागातला. म्हणाला, "गेन्झो काका, इथे तर ऊन पडलंय."

"तुझ्याकडे ऊन आहे की नाही हे विचारायला फोन केलाय का मी? इथे अठ्ठावन्न आहे. फुसाएला बरं नाही, रुग्णवाहिका लागेल. आधी यंत्र सोड."

"थांबा हं, रडार बघतो." मग, "काका, तुमच्यावर तर काहीच दिसत नाही. कोरं आहे. हे तुमच्या चिगुसाचंच रडार ना? ती कशाला खोटं दाखवेल? छपरावरचा लोट आला असेल खाली. एकदा नीट बघून या ना."

तुझं नाव घेऊन सांगितलं मला. रुग्णवाहिका पुलापर्यंत आली आणि रुतली. तिच्या लोकांनी बिनतारी यंत्रावरून आरडाओरडा केला तेव्हा कुठे साडेचारला यंत्र निघालं. वरातीमागून घोडं. काकू पावणेपाचला गेली. यंत्र सहाला आलं.

आता अहवाल काय म्हणतो ते वाच. "निरीक्षकाचे वय (७४) व त्या वेळची मानसिक अवस्था पाहता ५८ सेमी हे वाचन ग्राह्य धरता येत नाही." आणि खाली, "रडारनुसार सदर सहा तासांत तोचिदाइरा येथे ४ सेमीहून अधिक बर्फ पडलेला नाही. पाहा आकृती, पान ७." सातव्या पानावर रंगीत चित्र आहे. चित्राखाली तुमच्या संस्थेचं नाव, आणि त्याच्याखाली तुझं.

एकतीस वर्षं मी या गावाचा बर्फ मोजतोय. पगार नाही, वर्षाकाठी एक टॉवेल आणि आभाराचं पत्र. त्या एकतीस वर्षांत माझं एक वाचन कुणी खोडलं नव्हतं. ते खोडलं, आणि खोडरबर तू दिलंस.

हे चित्र तू त्यांना का दिलंस ते कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मग मी गप्प बसतो.

गेन्झो

•

नागाओका, २६ जानेवारी

प्रिय काकांस,

थंडी अजून कडक आहे, तेव्हा आधी प्रकृतीला जपा. कोटात्सूच्या उबदार टेबलाखाली, पांघरुणात पाय घालून बसा, एकटे छपरावर चढू नका.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चित्र मी ताकिनामींना दिलं नाही. ते रोज आपोआप नगरपालिकेच्या पडद्यावर जातं. त्यासाठीच तर हे छोटं रडार आम्ही किनाऱ्यावर बसवलं. डोंगरमाथ्यावरचं मोठं रडार हिवाळ्यातल्या बुटक्या ढगांच्या डोक्यावरून पाहतं. एकाच खोऱ्यावर अचानक कोसळणारा बर्फ त्याच्या नजरेतून सुटतो. आमचं रडार खालून पाहतं. दर दोन मिनिटांनी एक चित्र.

काका, मी सतराचे ते सगळे तास पुन्हा काढून पाहिले. तुमच्या गावावर खरंच काही नाही. दक्षिणेला एक पट्टा आहे, पण तो गावाच्या अलीकडेच संपतो. यंत्राला कुणाची बाजू घ्यायची नसते.

मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण त्या दिवशी वारा होता. वाऱ्यानं बर्फ एका जागी साठतो, छपरावरून घसरतो, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. आणि माणूस दुःखात असला की समोरचं मोठं दिसतं. यात लाजण्यासारखं काही नाही. बाबा गेल्यावर तुम्ही आणि काकूंनी मला आठ वर्षं सांभाळलंत. तुमचा अपमान व्हावा असं मला वाटेल का? पण ताकिनामींवर राग धरून काकू परत येणार नाहीत.

तुमची,
चिगुसा

•

तोचिदाइरा, २९ जानेवारी

चिगुसा,

दुःखात? तीन वाजता मी दुःखात नव्हतो. तीन वाजता तुझी काकू जिवंत होती.

काय गं, एवढं शिकलीस ती मला पांघरुणात पाय घालून बसवायला? ताकिनामी निदान परका आहे. त्यानं मला म्हातारा म्हटलं तर मी त्याला गाढव म्हणून मोकळा होतो. तुला काय म्हणू?

छपरावरचा बर्फ म्हणतेस. ऐक. मी नुसती पट्टी वाचत नाही. फळीवरून नळीभर बर्फ उचलतो, चुलीवर वितळवतो आणि पाणी मोजतो. एकतीस वर्षं! त्या अठ्ठावन्नचं पाणी निघालं एक्केचाळीस मिलिमीटर. कापसासारखा हलका, नुकता पडलेला. छपरावरचा दाबलेला बर्फ तेवढाच उंच असता तर दुप्पटतिप्पट पाणी निघालं असतं. तीनला मी फळीवरून नळी भरून दारात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी, काकू आतल्या खोलीत निजवलेली असताना, मी ती वितळवली. तुझ्या आत्या-मावश्या म्हणाल्या, म्हातारा बायको मेली तरी पातेलं घेऊन बसलाय. हो, बसलो होतो. दुसरं काय येतं मला?

सादाओ काल आला होता. तुला आठवत असेल, शाळेत तुझ्यामागच्या बाकावर बसायचा, आता नगरपालिकेचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "काका, मी दुपारपासून इंजिन गरम ठेवून बसलो होतो. इकडची काळी भिंत डोळ्यांनी दिसत होती. तीनदा विचारलं ताकिनामींना. म्हणाले, पडद्यावर काही नाही. कागद आल्याशिवाय मला यंत्र हलवता येत नाही, काका." एवढा दांडगा गडी, ढसाढसा रडला. त्याच्यावर मी नाही ओरडलो. तो चुकला तर नोकरी जाते. तुम्ही चुकलात तर आकृती छापून येते.

आता एक सांग. दरवर्षी हिवाळ्याआधी तू आम्हाला रडारचं एक चित्र पाठवतेस. काकू ते स्वयंपाकघरात लावते. लावायची. त्यात आमच्या गावामागची टेकडी एका लाल ठिपक्यासारखी उमटलेली असते. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "ही बघा आमची टेकडी, आमच्या पोरीच्या यंत्रात." पाच वर्षांची पाच चित्रं भिंतीवर आहेत, पाचांवर ठिपका आहे. सातव्या पानावर नाही. भिंग घेऊन पाहिलं.

टेकडी कुठे गेली? तिचंही वय चौऱ्याहत्तर झालं का?

गेन्झो

•

नागाओका, १२ फेब्रुवारी

काका,

इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण उत्तर नव्हतं. आता आहे.

तुमचं वाचन बरोबर होतं.

समजावून सांगते. रडार लाट सोडतं, बर्फाला लागून ती परत येते. पण टेकडीला लागूनही परत येते. बर्फ कोणता आणि टेकडी कोणती हे यंत्रानं कसं ओळखायचं? तर चालीवरून. जे रडारच्या जवळ येतंय किंवा लांब जातंय ते बर्फ. जे ना जवळ येतं ना लांब जातं ते टेकडी. त्याला यंत्र चाळणीतून काढून टाकतं.

त्या दिवशी वारा समुद्रावरून, वायव्येकडून होता. तुमचं गाव रडारच्या ईशान्येला. म्हणजे बर्फ रडारच्या नजरेला अगदी आडवा चालला होता. ना जवळ येत होता, ना लांब जात होता. यंत्रानं त्याला टेकडी समजून पुसलं. पट्टा गावाच्या अलीकडे संपला नव्हता. पट्टा गावावरच होता, तासन् तास. आमच्या चाळणीनं तो तिथे कापला.

ही चाळणी पूर्वी सौम्य असायची, म्हणून टेकडीचा ठिपका उरायचा आणि बर्फही उरायचा. नोव्हेंबरात ती कुणीतरी तीन पायऱ्या कडक केली. तुम्ही टेकडीचं लिहिलं नसतंत तर मी तिकडे पाहिलंही नसतं. पाच वर्षं ज्या ठिपक्यावर आम्ही चरफडलो, तो गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चाळणीआधीचे कच्चे प्रतिध्वनी वेगळ्या तबकड्यांवर साठतात. त्यातून बर्फ पुन्हा मोजता येईल. पण त्या तबकड्या नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. सतरा मार्चला त्या दिवसाचं सगळं जाईल.

कुराइशी सरांकडे, म्हणजे आमच्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "चौकशी समितीनं एकदा स्वीकारलेली आकृती आपणच खोटी ठरवायची? रडारचा निम्मा खर्च नगरपालिका देते, चिगुसा. अहवाल मंजूर होऊ दे, उन्हाळ्यात शांतपणे पाहू." उन्हाळ्यात! तेव्हा पाहायला उरणार काय आहे? मी तसं म्हणाले. ते चहा पीत राहिले.

मी प्रयत्न करतेय. तुम्ही धीर धरा.

चिगुसा

•

तोचिदाइरा, १५ फेब्रुवारी

चिगुसा,

धीर धरायला मी आता काय दवाखान्याच्या रांगेत उभा आहे?

तीन तारखेला काकूच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. तू आली नाहीस. रस्ता बंद होता म्हणू नकोस, सादाओनं पहाटे स्वतः मोकळा करून ठेवला होता, तू येशील म्हणून. पुरोहित आले, मंत्र म्हटले, सणासमारंभाचा लाल भात तर नसतोच अशा दिवशी, साधं शाकाहारी जेवण केलं होतं शेजारणींनी. दफनभूमी छातीएवढ्या बर्फाखाली आहे, म्हणून अस्थी एप्रिलपर्यंत घरातच. तिच्यासमोर रोज भाताची वाटी ठेवतो आणि रोज तिला सांगतो की तुझी पोर यंत्र बघतेय.

तू का आली नाहीस ते मला या पत्रावरून कळलं असं वाटतंय. कळलंय का, ते तू सांग.

"कुणीतरी तीन पायऱ्या कडक केली." कुणीतरी म्हणजे कोण? मी माझ्या वहीत "कुणीतरी मोजलं" असं कधी लिहिलं नाही. प्रत्येक वाचनाखाली सही आहे. तुमच्या त्या लाख मोलाच्या यंत्राला सही करणारा माणूस नसतो का?

१४ मार्चला समितीची शेवटची बैठक आहे. अहवाल मंजूर होणार आणि तोचिदाइराचं मोजमाप कायमचं बंद होणार. मला पट्टी आणि फळी जमा करायला बोलावलंय. ताकिनामीचं पत्र आहे, "आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता." म्हणजे पुढच्या वेळी या गावात कुणी मरायला टेकलं तर फोन करायलाही माणूस नसेल. पडदा बघतील. बैठक १४ ला, तबकड्या १७ ला. मेळ चांगला जमलाय.

कोण ते लिही.

गेन्झो

•

नागाओका, २४ फेब्रुवारी

काका,

मी.

चाळणी मी कडक केली. ९ नोव्हेंबरला, सकाळी अकराच्या सुमाराला. नोंद आहे, माझ्या नावानं. शोधनिबंधासाठी चित्रं काढायची होती. प्रत्येक चित्रात तुमची टेकडी लाल डागासारखी मध्ये यायची. परीक्षक विचारतील हे काय, मग त्याचं स्पष्टीकरण द्या. मला चित्रं स्वच्छ हवी होती. वारा आडवा असला तर बर्फही पुसला जाईल हे मला माहीत होतं. आमच्याकडच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते माहीत असतं. मला वाटलं, इतका नेमका आडवा वारा, इतके तास, नेमका त्याच गावावर, कधी येणार आहे? चित्रं झाली की चाळणी पूर्ववत करायची होती. राहून गेलं. दोन शब्द. राहून गेलं.

एकोणपन्नासाव्या दिवसाला मी रेल्वेस्थानकापर्यंत आले होते. तुमचं टेकडीचं पत्र पर्समध्ये होतं आणि नोंदवही मी आदल्याच दिवशी पाहिली होती. काकूंच्या फोटोसमोर उदबत्ती लावायची हिंमत झाली नाही. परत फिरले.

कुराइशी सरांशी परवा शेवटचं भांडण झालं. मी सांगितलं, प्रतिध्वनींची प्रत मी काढून घेतलीय आणि समितीला देणार आहे. ते म्हणाले, "तुझ्याच चुकीचा पुरावा तू स्वतः नेऊन देणार? हे शौर्य नाही, मूर्खपणा आहे. तुझा करार मार्चअखेर संपतो, विसरू नकोस." मी म्हणाले, "सर, माझ्या चित्राकडे बघून एका माणसानं यंत्र अडवलं. तशाच स्वच्छ केलेल्या चित्रांतलं एक तुमच्या भिंतीवर चौकटीत लावलंय. निदान ते तरी काढा." इतक्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बाहेरच्या मुली टंकायच्या थांबल्या. चित्र अजून भिंतीवरच आहे.

मोजणी झाली, काका. नऊ ते तीन, तोचिदाइरा, सत्तावन्न सेंटीमीटर. तुमचे अठ्ठावन्न. एका सेंटीमीटरचा फरक, आणि त्यात चूक बहुधा माझी असेल. पट्टा जेमतेम सात किलोमीटर रुंद होता. मिनेहारात ऊन होतं ते खरंच होतं.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको यात चार दिवस गेले.

नव्या मोजणीत नुसती बेरीज येत नाही. दर दोन मिनिटांचं येतं. अकराला बारा सेंटीमीटर. बाराला बावीस. एकला तेहेतीस.

दहा सेंटीमीटर झाले की यंत्र पाठवायचं, असा नियम आहे.

अंत्यविधीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते. तुम्ही काकूंच्या बहिणीला सांगत होतात, "एकपासून दुखत होतं तिला." मी ऐकलं. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. रागानं वाटतं, काका! एक वाजता फळीवर तेहेतीस होते, काकूंच्या छातीत कळ होती, फोन भिंतीवर होता. ताकिनामी तेव्हाही कदाचित पडदाच बघत बसले असते, पण तुम्ही त्यांच्याशी दोन तास आधी भांडायला लागला असतात! फोन का नाही केलात? मला इतक्या पत्रांत सगळ्यांची नावं विचारलीत. स्वतःची वेळ मात्र "दुपारी" म्हणून लिहिलीत. पहिल्या पत्रात आहे, पुन्हा वाचून पाहिलं.

हे लिहिलं आणि लगेच फाडावंसं वाटलं. फाडत नाही.

समितीला फक्त सहा तासांची बेरीज पुरे आहे. वाचन खरं ठरतं, मोजमाप बंद होत नाही, माझी चूक माझ्या नावावर येते. तासांचा तक्ता कुणी मागितलेला नाही. मी तो जोडला नाही तर कुणाला कळणारही नाही. तुम्ही सांगाल तसं करते.

चिगुसा

•

तोचिदाइरा, २ मार्च

चिगुसा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी इतका संतापलो की बर्फ उपसायचं फावडं घेऊन बाहेर गेलो आणि जिथे बर्फ नव्हता तिथेही उपसत बसलो. तुझ्यावर संतापलो. चाळणीसाठी नाही. चाळणीचा राग आहेच, तो राहील, त्याला मी काही करू शकत नाही. पण "कुणाला कळणारही नाही" या ओळीचा जास्त आला. अगं, याच ओळीवर ताकिनामी जगतो. तुझा तो कुराइशी जगतो. आणि १७ डिसेंबरपासून मीही जगतोय.

विचारलंस ना, का नाही केला फोन. सांगतो.

तू तेव्हा कॉलेजला होतीस. एका डिसेंबरात मी सकाळी साडेदहाला फोन केला होता, वाचनाची वेळ नसताना. बर्फ धोधो पडत होता, मला राहवलं नाही. यंत्र आलं आणि ते पुलावर पोहोचेपर्यंत आकाश निरभ्र. चार सेंटीमीटर. त्या वर्षअखेरच्या मेजवानीत, सगळे साके पिऊन तर्र झालेले, रस्ते विभागाच्या साहेबांनी मला उभं केलं. लहान मुलाची विणलेली टोपी माझ्या डोक्यावर घातली आणि म्हणाले, "हे आमचे गेन्झो, ढग दिसला की यांना बाळंतकळा येतात." सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? ती टोपी घालून तासभर सगळ्यांच्या पेल्यात साके ओतत फिरलो.

घरी येऊन कानाला खडा लावला. नऊ आणि तीन. मधे आभाळ कोसळलं तरी फोनला हात लावायचा नाही. काकूला टोपीचं सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. बायकांना कळतं.

त्या दिवशी अकरालाच मी खिडकीतून पाहिलं, फळी दिसेनाशी झाली होती. बाराला पाहिलं. एक वाजता ती भांडी विसळत होती, ती ओट्याला धरून खाली बसली. म्हणाली, "काही नाही हो, मुळ्याचं लोणचं जास्त खाल्लं." मी विचारलं, "फोन करू?" ती म्हणाली, "तीनला करालच ना. आता कशाला? उगाच नावं ठेवतील तुम्हाला."

नावं ठेवतील. छातीत कळ होती आणि तिला माझ्या टोपीची काळजी होती.

तिनं नको म्हटलं म्हणून मी थांबलो, असं मी स्वतःला अडीच महिने सांगतोय. खोटं आहे. मी विचारलंच अशा आवाजात की तिनं नको म्हणावं. ती एकतीस वर्षं माझ्या वाचनाच्या वेळा सांभाळत आली, तिला तो आवाज ओळखता येत होता. दोन तास मी तिच्या पाठीवरून हात फिरवत घड्याळाकडे बघत बसलो. तीनला पाच मिनिटं असताना बूट घालून आधी फळीकडे गेलो. आधी फळीकडे. आधी आकडा वहीत लिहिला, सही केली, नळी भरली, मग फोन.

ताकिनामीनं तुझं नाव घेतलं तेव्हा मला राग आला खरा, पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. चला, दोष द्यायला माणूस मिळाला. मग अहवाल आला, मग सातवं पान आलं. मी तुम्हा सगळ्यांवर तुटून पडलो. तुम्ही त्याच लायकीचे आहात, ते शब्द मी परत घेत नाही. तू टेकडी पुसलीस. त्यानं डोळ्यांऐवजी पडदा बघितला. कुराइशी चहा पितोय. तुमच्यातल्या एकालाही मी सोडणार नाही. पण मग यादी पुरी हवी.

तर आता ऐक, आणि या वेळी वाद घालू नकोस.

तासांचा तक्ता जोड. दर दोन मिनिटांचा, सगळा. गाळायचं काही नाही. चाळणी कुणी लावली तिथे तुझं नाव, यंत्र कुणी अडवलं तिथे त्याचं. तू रडारचं सांगायचंस आणि खाली बसायचं. माझ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, माझी बाजू घ्यायची नाही, माझ्या एकतीस वर्षांचं गुणगान गायचं नाही. कुणी गायला लागलं तर मी उठून त्याच्या तोंडावर हात ठेवीन.

१४ ला सकाळी नऊचं वाचन करून निघतो. सादाओ त्याच्या ट्रकात बसवून आणतोय, त्याची रजा टाकून झाली. तुला अकराला स्थानकावरून घेऊ. त्याच्यासकट पुढे तिघे मावतात. तू मधे बसशील. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मलाही काही बोलायचं नाही.

समितीसमोर मी तीन वाक्यं वाचणार आहे. लिहून ठेवलीत. इथे लिहितो, म्हणजे तिथे ऐकताना तू मधे उठणार नाहीस.

एक वाजता फळीवर तेहेतीस सेंटीमीटर बर्फ होता. एक वाजता माझ्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं. मी तीन वाजता फोन केला.

गेन्झो